जार कोरडा पडला, तरी कांडी सांगत नाही

दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या टापूतल्या नऊ गायी लागोपाठ उलटल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. गोठे वेगळे, जाती वेगळ्या, माजाची वेळ बरोबर साधलेली, सोट (माजातला स्राव) काचेसारखा स्वच्छ. सारखं एवढंच होतं की नऊही कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या, माझ्याच द्रव नायट्रोजनच्या जारमधून निघालेल्या. जारमध्ये पट्टी घालून पाहिली तर नायट्रोजन भरपूर. मग मी दोष उन्हाला दिला, चाऱ्याला दिला, एका मालकाला तर खनिज मिश्रणाची पिशवीसुद्धा घ्यायला लावली.

खरं काय ते पुतण्याच्या तोंडून सहज निघालं. मी चार दिवस कळवणला लग्नाला गेलो होतो. तेवढ्यात नायट्रोजनची गाडी आली आणि त्याने इमानेइतबारे जार भरून घेतला. "नाना, त्या दिवशी भरताना लई खळखळला. धूर तर पार दारापर्यंत." गार जार भरताना इतका खळखळत नाही. म्हणजे गाडी यायच्या आधीच तो कोरडा पडून आतून तापला होता. मेलेल्या कांड्यांवर ताजा नायट्रोजन ओतला गेला आणि पुढचे तीन आठवडे मी त्याच वापरत राहिलो.

निफाड तालुक्यात मी एकोणीस वर्षं कृत्रिम रेतनाचं काम करतोय. गावात सगळे डॉक्टर म्हणतात, मी डॉक्टर नाही. पण जार रोज हाताळतो आणि तो हाताळताना कुठे कुठे चुकता येतं हे मला पाठ आहे. ज्यांच्या हातात नवा जार आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच नायट्रोजन वापरणाऱ्यांनाही यातलं निम्मं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी दोन आकडे

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. हवा दाबायची, गार करायची, मग एकदम पसरू द्यायची, म्हणजे ती आणखी गार होते. असं करत करत तिचा द्रव होतो. जर्मनीतल्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये ही रीत मोठ्या प्रमाणावर बसवली. द्रव हवेतून ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, आर्गॉन उणे १८६ला, नायट्रोजन उणे १९६ला. या फरकावरच तिघांना वेगळं काढतात, गुऱ्हाळासारखं चुलाण न पेटवता.

आपल्या कामाचे आकडे दोनच. एक लिटर द्रव नायट्रोजनचं वजन सुमारे ८०० ग्रॅम भरतं. आणि तोच एक लिटर उडून गेला की साध्या तापमानाला त्याचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. पहिला आकडा मोजमापाला लागतो, दुसरा जीव वाचवायला.

जारची घडण म्हणाल तर सर जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये बनवलेल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीचाच हा थोरला भाऊ. आत एक ॲल्युमिनियमचं भांडं, बाहेर दुसरं, मध्ये निर्वात पोकळी आणि चकचकीत पातळ थर. आतलं भांडं फक्त मानेला लटकलेलं असतं. जार आपटला, आडवा पडला, खड्ड्यात दणकला की पहिला मार त्या मानेवर बसतो. नाशिककरांना बहुधा ठाऊक नसतं, पण देशभरच्या गोठ्यांत फिरणाऱ्या अशा जारांपैकी, म्हणजे क्रायोकॅनपैकी, कित्येक इथेच बनतात. पूर्वी आयबीपी कंपनीचा आणि आता इंडियन ऑइलचा क्रायोजेनिक्स कारखाना नाशिकचाच. बीए-३, बीए-३५, टीए-५५ ही नावं आमच्या धंद्यात मोटारसायकलच्या मॉडेलसारखी घेतली जातात. त्यातला आकडा ढोबळमानाने लिटरचा.

भरताना

जार नवा असेल किंवा बरेच दिवस कोरडा असेल, तर त्यात एकदम भरभरून ओतायचं नाही. आधी अर्धा-पाऊण लिटर ओता आणि बाजूला व्हा. तो जोरात उकळेल, तोंडातून धुकं येईल, शिंतोडे उडतील. हे शांत झालं की थोडं आणखी. असं तीन-चार टप्प्यांत भरा. भरलेला जार रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी वजन करा आणि मगच त्यात कांड्या टाका. नव्या जारवर पहिल्याच दिवशी भरवसा ठेवून शंभर कांड्या टाकणारा माणूस मी पाहिलाय. पुढचं सांगत नाही.

नरसाळं धातूचं आणि कोरडं हवं. प्लास्टिकचं घरगुती नरसाळं तडकतं, आणि ते तडकतं तेव्हा खाली आपला पाय असतो. मानेच्या खालच्या कडेपर्यंतच भरा, मान बुडवू नका.

आता बूच. जारचं बूच मुद्दाम सैल असतं. ते पाहून नवख्या माणसाला वाटतं, इथून नायट्रोजन वाया जातोय. मग कोणी फडकं कोंबतो, कोणी सेलोटेप गुंडाळतो, एकाने तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला होता. हे कधीही करू नका. आत सतत वायू तयार होतोय, त्याला वाट त्या सैल बुचातूनच आहे. ती बंद केली तर जारचा बॉम्ब होतो. म्हणूनच द्रव नायट्रोजन पाण्याच्या बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या थर्मासमध्ये न्यायचा नाही, अगदी "पाच मिनिटांचंच तर काम आहे" असं म्हणूनही नाही. पावसाळ्यात मानेशी बर्फ धरतो, तोही अधूनमधून काढत जा. त्यानेही वाट बुजते.

मोजताना

माझ्या नऊ गायी इथेच हुकल्या, म्हणून इथे जरा थांबतो.

बरेच जण जार हलवून अंदाज घेतात. मीही सतरा वर्षं तेच केलं. हलवल्यावर ऐकू येतं ते एवढंच की आत काहीतरी आहे. ते पाच लिटर आहे की अर्धा, हे कान सांगत नाही, शिवाय हलवण्याने मानेला ताण बसतो तो वेगळा.

बरोबर रीत पट्टीची. लाकडी किंवा जारसोबत आलेली प्लास्टिकची भरीव पट्टी घ्या. पोकळ नळी चुकूनही घालू नका, तिच्यातून उकळता नायट्रोजन कारंज्यासारखा तोंडावर येतो. पट्टी बुडाला टेकेपर्यंत सरळ आत सोडा, दहा सेकंद धरा, बाहेर काढून हवेत दोनदा हलवा. जिथपर्यंत ती बुडाली होती तिथपर्यंत पांढरं दव गोठतं. ती रेघ म्हणजे पातळी. फुंकर मारू नका, तोंडाच्या वाफेने रेघ खोटी दिसते.

त्याहून पक्कं म्हणजे वजन. रिकाम्या जारचं वजन, कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा दांडीचा डबा) आणि बुचासकट, जारच्या अंगावर ऑइल पेंटने लिहून ठेवा. मी कांदा तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरतो. रोज सकाळी, पहिला चहा व्हायच्या आधी, जार काट्यावर. आलेल्या आकड्यातून रिकाम्याचं वजन वजा करा आणि ०.८ने भागा, लिटर मिळाले. माझ्या तीन लिटरच्या जारमधून न उघडता दिवसाला शंभरेक ग्रॅम उडतात, दिवसभर उघडझाप झाली तर दीडशेच्या वर. तुमच्या जारचा आकडा वेगळा निघेल. तो कितीही निघो, तुम्हाला तो पाठ हवा. कारण ज्या आठवड्यात तो अचानक दुप्पट होतो, त्या आठवड्यात जारची पोकळी जायला लागलेली असते.

पोकळी पूर्ण गेली की जार बाहेरून घाम धरतो, मानेभोवती हिमाची पांढरी वळी येते. त्या क्षणी हातातलं काम टाकून कांड्या दुसऱ्या जारमध्ये हलवा. सकाळपर्यंत थांबलात तर कोरडा जार मिळेल. दुसरा जार नसेल तर जवळच्या सहकाऱ्याला रात्री उठवायला लाजू नका. आमच्याकडे हा अलिखित करार आहे. आणि पोकळीचं जे सील जारच्या अंगावर असतं त्याला हात लावू नका, तिथे आपली पक्कड चालत नाही.

पट्टीवर दहा सेंटीमीटरच्या खाली रेघ आली की मी भरून घेतो, गाडी कधी येणार याची वाट न बघता.

कांडी काढताना

कांडीतले शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात ते ग्लिसरॉलमुळे. ही गोष्ट १९४९ मध्ये ब्रिटनमधल्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवली. पण हे जिवंत राहणं तापमानाच्या अटीवर आहे. कांडी साधारण उणे १३० अंशांच्या वर आली की आतले बर्फाचे कण पुन्हा वाढायला लागतात आणि पेशी फाडतात. नंतर परत नायट्रोजनमध्ये बुडवली तर कांडी पूर्ववत गार होते, पेशी पूर्ववत होत नाहीत. वरून काहीच दिसत नाही. तोच निळा-गुलाबी रंग, तेच बारीक अक्षरात छापलेलं वळूचं नाव.

म्हणून कॅनिस्टर जारच्या तोंडाबाहेर काढायचाच नाही. मानेत, वरच्या कडेच्या चार बोटं खाली धरायचा. कोणत्या गोब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या छोट्या पेल्यात) कोणत्या वळूच्या कांड्या आहेत हे आधीच वहीत लिहिलेलं असावं. मानेत धरून वाचत बसलात तर शोधलेली कांडी सापडते आणि उरलेल्या चाळीस तापतात. आठ-दहा सेकंदांत चिमट्याला कांडी लागली नाही तर कॅनिस्टर पुन्हा खाली सोडा, अर्धा मिनिट थांबा, मग परत. मालक शेजारी उभा राहून "डॉक्टर, कालवड होईल अशी द्या बरं का" म्हणत असतो. त्याच्याकडे त्या दहा सेकंदांत बघू नका.

काढलेली कांडी एकदा झटका, टोकाशी अडकलेला नायट्रोजन गळून जातो. मग लगेच ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. थर्मामीटरने मोजलेलं ३७. "कोमट लागतंय" हे माप नव्हे, कारण जानेवारीतलं कोमट आणि मे महिन्यातलं कोमट यात फार फरक असतो. खिशात ठेवून किंवा तळहातांत चोळून वितळवणारे आजही आहेत आणि त्यांच्या गायी का उलटतात याचं त्यांना आजही नवल वाटतं. वितळलेली कांडी कोरडी पुसा, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारतो. कापसाचं टोक गनच्या (रेतनाच्या लांब नळीच्या) दट्ट्याकडे, बंद केलेलं टोक काटकोनात कापायचं, वर शीथ (प्लास्टिकचं पातळ आवरण). दहा-पंधरा मिनिटांच्या आत काम संपलं पाहिजे.

थंडीत आणखी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात ना, त्या दिवसांत गन बर्फासारखी झालेली असते. वितळलेली कांडी तशा गनमध्ये घातली की तिला पुन्हा थंडीचा झटका बसतो. मी शीथ चढवलेली गन स्वेटरच्या आत, छातीशी धरून गोठ्यापर्यंत जातो. दिसायला विचित्र दिसतं, पण चालतं.

खोली आणि श्वास

आमच्या धंद्यात हाताला पोळण्याची भीती सगळ्यांना असते, श्वासाची कोणाला नसते. हिशेब करून बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. त्यात दहा लिटर नायट्रोजन सांडला की ७ घनमीटर वायू होतो. दारं-खिडक्या बंद असतील तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६च्या आसपास येतो. साडेएकोणीसच्या खालीच धोका धरतात. आणि गार वायू जड असल्यामुळे तो आधी जमिनीलगत साचतो, म्हणजे जारशी वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी.

गुदमरल्यासारखं वाटेल, मग बाहेर पळू, असं समजू नका. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनच्या खोलीत तो उच्छ्वासातून बाहेर पडतच राहतो, त्यामुळे काहीच जाणवत नाही. जरा हलकं वाटतं, पाय लटपटतात आणि माणूस खाली. त्याला उचलायला धावणारा दुसराही खाली. आधी दार-खिडकी सताड उघडायची, मोकळी हवा आल्याशिवाय आत शिरायचं नाही.

म्हणून जार झोपायच्या खोलीत ठेवू नका, तळघरात नाही, बंद कारमध्ये नाही. मोटारसायकलवर न्यायचा तर उभा, खाली गोणपाट, दोरीने दोन ठिकाणी बांधलेला. कारमध्ये नेलाच तर काचा खाली, डिसेंबर असला तरी.

उघडं भांडं खूप वेळ तसंच ठेवलं तर आणखी एक प्रकार होतो. नायट्रोजन इतका गार की हवेतला ऑक्सिजन त्यात विरघळत जातो आणि राहिलेला द्रव फिकट निळसर दिसायला लागतो. त्याच्या जवळ ग्रीस, तेल, विडी काही नको.

हात पोळला तर

एखादा थेंब हातावरून घरंगळून जातो आणि काही होत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसा तो स्वतःच्याच वाफेवर तरंगतो. यावरच लोकांची भीड चेपते. खरी इजा होते ती सदऱ्याच्या बाहीत, मोज्यात, चपलेच्या पट्ट्याखाली मुरलेल्या नायट्रोजनने, किंवा गोठलेला कॅनिस्टर उघड्या हाताने धरल्यावर. कातडी धातूला चिकटते. त्यामुळे चपला नकोत, बूट हवेत, पॅंट बुटाच्या बाहेरून, हातमोजे कोरडे आणि झटकन काढता येतील असे सैल, डोळ्यांवर चष्मा.

तरीही पोळलंच तर अंगठी, कडं, न चिकटलेला कपडा काढा आणि भाग ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं धरा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-तूप काही लावायचं नाही. फोड आले किंवा बोट पांढरं-कडक राहिलं तर दवाखाना.

अंबड-सातपूरची रीत

माझा मेव्हणा अंबडला एका वर्कशॉपमध्ये आहे. तिथे बुश (भोकात घट्ट बसवायची धातूची नळी) हातोड्याने ठोकून बसवण्याऐवजी नायट्रोजनमध्ये आकसवून बसवतात. पोलादाचा १०० मिलिमीटर व्यासाचा बुश उणे १९६ला नेला की सुमारे ०.२ मिलिमीटरने बारीक होतो, कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) त्याच्या निम्म्याच्या आसपास. बुश तारेने बांधून थर्मोकोलच्या खोक्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये हळूहळू बुडवायचा. आधी तो रागावल्यासारखा सळसळतो. उकळी थांबली की समजायचं, पूर्ण गार झाला. लांब चिमट्याने उचलून एका दमात भोकात सोडायचा, सरळ. तिरका बसला तर तिथेच तापून फुगतो आणि मग मशीनच कापावी लागते. हातोडा तेव्हा तरी नकोच, गोठलेलं साधं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं.

बाकीचे भाऊबंद

द्रव वायू म्हटलं की सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या शीतगृहांत अमोनिया फिरतो. तो उणे ३३ला उकळतो, पण गळला तर नाक-डोळे झोंबवून आधीच सांगतो. स्वयंपाकघरातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्याला स्वतःचा वास नाही, म्हणून मुद्दाम मर्कॅप्टनचा घाण वास मिसळतात. प्रोपेन उणे ४२ला उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास, म्हणून कडाक्याच्या थंडीत सिलिंडर संपत आला की आच मंदावते. तेव्हा सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवणारे घरोघरी आहेत. नका ठेवू. हेलियम उणे २६९ला द्रव राहतो, एमआरआय मशीनची चुंबकं त्यावर चालतात. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं स्वदेशी इंजिन घेऊन इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी उडालं.

द्रव ऑक्सिजन मात्र नायट्रोजनइतकाच मुका. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच नाशिक शहरातल्या एका रुग्णालयात त्याच्या टाकीला गळती लागली, वॉर्डातला दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तो दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. डांबरावर किंवा तेलकट फरशीवर द्रव ऑक्सिजन सांडला तर त्या जागी पाऊलसुद्धा टाकायचं नाही, नुसत्या धक्क्याने भडका होऊ शकतो.

आणि नाशिकच्या कॉलेज रोडला द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेलं, धूर निघणारं बिस्किट घ्याल तर धूर पूर्ण जिरल्यावर खा. पोटात गेलेल्या एका चमच्याचा वायू किती होईल हे वरच्या आकड्यावरून काढा.

माझ्या उरलेल्या अडतीस कांड्यांपैकी एक मी तालुक्याच्या दवाखान्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सगळं स्तब्ध. बाकीच्या फेकल्या, नऊ गायी पदरच्या कांड्यांनी पुन्हा भरवल्या आणि खनिज मिश्रणाच्या पिशवीचे पैसे परत केले. पुतण्याला आता एवढंच सांगून ठेवलंय: गाडी आली की आधी पट्टी घाल. पट्टी कोरडी निघाली तर भरू नकोस, मला फोन कर.